टेबलाखालची मुलगी

आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं रेनाताला वाटायचं, नेमकी तेव्हाच झुल्मा तिचा फोटो काढायची. "इकडे बघ, हस बघू," असं तिने पोटच्या पोरीला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. लग्नांत, वाढदिवसांत, कुणाकुणाच्या पंचविशी-पन्नाशीत दिवसभर लोकांना "हसा, हसा" म्हणून तिचा जीव विटून जायचा. घरी आल्यावर तिला न हसवलेला चेहरा हवा असायचा, आणि तो घरात आयता होता.

बसच्या काचेला नाक चपटं करून झोपलेली रेनाता. आजोबांच्या तुंब्यातला येर्बाच्या पानांचा काढा नळीने ओढून कडूझार तोंड केलेली रेनाता. समुद्रासारख्या रुंद नदीकडे तोंड करून कठड्यावर बसलेली आणि जबड्यात मूठ जाईल एवढी जांभई देणारी रेनाता. सगळ्यांत झुल्माचं डाव्या भुवईवर लक्ष असायचं. त्या भुवईत जन्मापासून पांढऱ्या केसांचा एक लहानसा झुबका होता. प्रकाश बरोबर पडला की तो पिसासारखा उठून दिसायचा.

या फोटोंचं काय करायचं हे सुचवलं वॉशिंग्टनने. वॉशिंग्टनचा माँटेव्हिडिओ शहराच्या कोर्दोन भागात बाइंडिंगचा छोटा कारखाना होता. एकट्या त्याच्या गल्लीत आणखी दोन वॉशिंग्टन राहत, आणि अमेरिकेशी तिघांचाही काडीचा संबंध नव्हता. हडकुळ्या झुल्माला तो काडी म्हणायचा. तिच्या भिंतीवरचे फोटो बघून म्हणाला होता, "ए काडी, दुकानातल्या डायऱ्यांवर तेच ते फुगे, तीच ती फुलपाखरं. वर्षभर रोज उघडायची वस्तू. तिच्यावर ही पोर का नको?"

तेव्हापासून दर डिसेंबरात झुल्मा रविवारच्या बाजारात डायऱ्यांचं टेबल मांडायची. आत आठवड्यांची पानं, बाजूला वॉशिंग्टनची हिरवी तार, आणि कव्हरावर रेनाता. लोक फोटो निवडायला वेळ घेत. "मला जांभईवाली," "मला ती नाक चपटं केलेली," असं म्हणत. सगळ्यांत आधी संपायची ती टेबलाखालची.

तो फोटो रेनाताच्या पाचव्या वाढदिवसाचा होता. सगळे गाणं म्हणायला उभे राहिले आणि उत्सवमूर्ती केकचा एक तुकडा उचलून टेबलाखाली पसार झाली. झुल्माने टेबलक्लॉथ जरासा वर करून पाहिलं, तर पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, दोन्ही गाल टम्म फुगलेले, हनुवटीला दुधाच्या गोड सायीचा ओघळ, आणि डोळे घट्ट मिटलेले. आपण डोळे मिटले की आपण कुणाला दिसत नाही, यावर त्या चेहऱ्याचा पूर्ण भरवसा होता.

तो भरवसा कव्हरावर छापला गेला. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नाही. झुल्मालाही नाही.

*

रेनाता दहा वर्षांची झाली त्या वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिच्या वर्गावर ओफेलिया बाई म्हणून एक बदली शिक्षिका आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून आपली डायरी काढून मेजावर ठेवली, आणि पुढच्या बाकावरच्या एका पोराने आधी डायरीकडे, मग मागे वळून रेनाताकडे पाहिलं.

"बाई, ही रेनाता आहे!"

"कोण रेनाता?"

"ती. ती भुवई बघा."

अख्खा वर्ग मेजाभोवती जमा झाला. गणवेशाचे पांढरे झगे, गळ्याशी निळे बो, आणि मध्यभागी तोंडात केक कोंबलेली पाच वर्षांची रेनाता. हसण्यात दुष्टावा नव्हता. पण तिसेक पोरं एकदम हसली की त्यातला दुष्टावा कोण मोजत बसतो? मधल्या सुट्टीत मुलं गाल फुगवून, डोळे मिटून तिच्यासमोरून जायला लागली. आठवडा संपेपर्यंत ती खूण दुसऱ्या वर्गांतही पोहोचली.

रेनाताने घरी येऊन आदळआपट केली नाही. झगा काढून खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, "आई, तो टेबलाखालचा फोटो काढलास तेव्हा तू कुठे होतीस?"

"टेबलापाशीच. गुडघ्यांवर बसले होते."

"म्हणजे मी सापडले होते."

"हो. तसं म्हटलं तर."

"मला इतके दिवस वाटत होतं, मी सापडलेच नव्हते."

शाळेत काय झालं ते हळूहळू बाहेर आलं. मग रेनाताने एखादा प्रयोग तपासावा तसे प्रश्न विचारले. तो फोटो किती लोकांकडे आहे? पुष्कळ. कोण लोक? माहीत नाही. परत आणता येतील? नाही.

"मग माझे फोटो काढू नकोस," रेनाता म्हणाली. "आणि मी बघत नसताना माझ्याकडे बघू पण नकोस."

फोटो न काढणं सोपं होतं. झुल्माने कॅमेरा कपाटात ठेवला आणि तो फक्त कामाला जाताना बाहेर यायला लागला. अवघड होतं ते दुसरंच. रेनाता घरात फोटोला बसल्यासारखी वागायला लागली. जांभई येण्याआधी मान वळवून बघायची. दुधाच्या गोड सायीचा चमचा चाटायचा सोडून वाटीत ठेवायची. झोपताना भिंतीकडे तोंड करायची. पूर्वी गुणाकार करताना तिची जीभ आपोआप ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. आता तोंड मिटलेलं आणि गुणाकार चुकलेले. झुल्माचा जन्म लोकांचे चेहरे वाचण्यात गेला होता. जो चेहरा स्वतःला विसरत नाही, तो तिने हजारदा पाहिला होता. तसला चेहरा आपल्या स्वयंपाकघरात, सकाळच्या ब्रेडसमोर बघायची पाळी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पोरगी पुन्हा स्वतःला विसरेल का, एवढाच प्रश्न आता तिच्यापुढे उरला होता.

*

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" वॉशिंग्टन म्हणाला. "कव्हरं छापून झाली, वर प्लास्टिक चढलं, भोकं पाडून झाली. डिसेंबर तोंडावर आलाय. डायरी म्हणजे काय वाइन आहे, ठेवली की मुरते? उन्हाळा संपला की रद्दी!"

"मी पोरीला कधी विचारलंच नव्हतं रे."

"मग विचार आता."

"विचारलं. नाही म्हणाली."

वॉशिंग्टनने तुंब्यात थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, नळी एकदा ओढून पाहिली आणि तुंबा तिच्या हातात दिला. मागे भिंतीशी पुढच्या वर्षाच्या पानांचे गठ्ठे कव्हरांविना रचलेले होते.

"नाही तर नाही," तो अखेर म्हणाला. "माझ्या बापाने तरी मला कुठे विचारलं होतं, बाळा, वॉशिंग्टन चालेल का म्हणून? पन्नास वर्षं मिरवतोय." मग गठ्ठ्यांकडे बघून, "पण या टकल्यांना टोपी काय घालायची?"

टकल्यांना त्याने राखाडी पुठ्ठ्याची टोपी घातली. साधा, वर काहीही न छापलेला पुठ्ठा आणि हिरवी तार. रविवारच्या बाजारात जुनी गिऱ्हाइकं टेबलाशी येऊन डायऱ्या उलटसुलट करून बघत.

"मुलगी कुठे गेली?"

"मोठी झाली," झुल्मा सांगायची.

काही जण तशीच घेऊन गेले, काही जण "छे" म्हणून पुढे. छापलेली कव्हरं एका खोक्यात भरून झुल्माने ते खोकं रेनाताच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"ही तुझी. जाळ, फाड, काहीही कर. मी विचारणार नाही."

रेनाताने खोकं उघडलं नाही. पलंगाखाली सरकवलं.

*

शाळेला सुट्टी लागली. उकाडा वाढला. वर्ष संपत आलं तशी एका संध्याकाळी रेनाता भांडी पुसता पुसता म्हणाली, "शेवटच्या दिवशी जुन्या शहरात खिडक्यांतून डायऱ्या फेकतात ना?"

फेकतात. वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, दुपारी, जुन्या शहरातल्या कचेऱ्यांच्या खिडक्या उघडतात आणि सरलेलं वर्ष रस्त्यावर येतं. कॅलेंडरांची पानं, डायऱ्यांची पानं, जे काही संपलं ते सगळं. वरून बादल्यांनी पाणी, खाली एकमेकांवर सफरचंदाच्या साइडरचा फवारा. रेनाता अगदी लहान असल्यापासून दर वर्षी ते बघायला जायची आणि दोन्ही हात वर करून कागद झेलायची.

सरलेल्या वर्षाच्या डायऱ्यांवर रेनाता होती, हे झुल्माच्या ध्यानात आलं.

"कव्हरं कुणी फेकत नाही गं. फक्त पानं."

"तुला कसं माहीत?"

तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कागदांच्या पावसाचे फोटो काढले होते, खाली काय पडलंय ते कधी बघितलं नव्हतं. 'माहीत आहे' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्या घरात आता असं काही चालण्यासारखं नव्हतं.

"नाही माहीत."

"फोटो रस्त्यावर पडला तर सगळे माझ्यावर पाय देऊन जाणार," रेनाता म्हणाली. "आणि आमच्या वर्गातली अर्धी मुलं तिथे येतात."

"मग मी सकाळीच जाते. पडेल ते उचलते."

"तू एकटी किती उचलशील? मी पण येते." तिने ताटली रॅकमध्ये ठेवली. "बघितल्याशिवाय कसं कळणार?"

*

त्या दिवशी रेनाताने आजोबांची टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली होती. दोघींच्या खांद्याला एकेक कापडी पिशवी. झुल्माच्या पिशवीत एक पाव आणि मनुकांच्या गोड ब्रेडचा तुकडा कागदात गुंडाळलेला, बाकी काही नाही.

बारा वाजेपर्यंत रस्ता नेहमीसारखाच होता. मग कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावरून पहिला कागद सुटला, मागून दहा, मागून शंभर, आणि बघता बघता आभाळ दिसेनासं झालं. लोक ओरडायला लागले. एका गच्चीवरून बादली उपडी झाली आणि खालचा सूटबूटवाला माणूस डोक्यापासून पायांपर्यंत भिजला. त्याने वर बघून शिवी हासडली आणि हसत सुटला.

"आई, वर बघ. खाली नको बघूस," रेनाता म्हणाली.

"का?"

"कागद तरंगत येतो. पुठ्ठा तसा येणार नाही, सरळ येईल. जे सरळ येईल ते आपलं."

मग दोघी मान वर करून भिंतीच्या कडेने चालायला लागल्या. सुटी पानं गिरक्या घेत, एकमेकांवर आपटत, वाऱ्याबरोबर पलीकडच्या फुटपाथवर जात. चुरगाळलेले बोळे जरा लवकर येत. एकदा काहीतरी जाड, चौकोनी, थेट खाली आलं आणि रेनाता बाणासारखी धावली. ते कुठल्याशा बँकेचं मेजावरचं कॅलेंडर निघालं, त्यावर गायींचा कळप.

"गाई आहेत," तिने हिरमुसून सांगितलं. मग आपण हिरमुसलो कशाला हे लक्षात येऊन म्हणाली, "बरं झालं गाई आहेत."

पुढच्या कोपऱ्यावर, ओल्या कागदांच्या ढिगात, तिला हिरवं काहीतरी दिसलं. वॉशिंग्टनची तार. तारेच्या कड्यांत पानांच्या फाटक्या कडा अडकलेल्या, आणि शेवटची दोन-चार पानं अजून लोंबत होती. कव्हर नव्हतं.

झुल्माने कव्हरासाठी आजूबाजूला बघितलं. रेनाताने मात्र तार डोळ्यांजवळ धरली आणि कडी एक-एक करून तपासली.

"फाडलं नाहीये."

"काय?"

"कव्हर. पानं फाडली, म्हणून त्यांच्या चिंध्या अडकल्या आहेत. कव्हर ओढून फाडलं असतं तर पुठ्ठ्याच्या पण अडकल्या असत्या. त्याच्यावर प्लास्टिक असतं, ते नीट फाटत नाही." तिने तारेचं एक टोक दाखवलं. तिथली कडी वाकवून उघडलेली होती. "वॉशिंग्टनकाका चुकलेली डायरी सोडवतो ना, तसं. कुणीतरी आधी कव्हर काढून घेतलं. मग बाकीचं फेकलं."

"कशाला काढेल कुणी?"

"मला काय माहीत? एकच आहे. एकावरून काही सांगता येत नाही."

दुसरी तार चौकाच्या अलीकडे मिळाली. तिच्यात पुठ्ठ्याची एक निळी चिंधी अडकलेली होती. रेनाताने ती चिंधी तळहातावर घेतली. निळी म्हणजे बसच्या सीटची, नाक चपटं केलेल्या फोटोतली. ते कव्हर फाटलं होतं. बाकीचे तुकडे कुठे असतील ते शोधायला दोघींनी ढीग पायाने उलटे केले, पण ओल्या लगद्यात काही लागलं नाही.

"घरी जायचं का?" झुल्माने विचारलं.

"एक तसं, एक असं," रेनाता म्हणाली. "आत्ता गेलो तर काहीच कळलं नाही असं होईल."

तेवढ्यात वरून पाणी आलं. भांडंभर नव्हे, चांगली भरलेली बादली, आणि थेट रेनाताच्या डोक्यावर. ती किंचाळली, झुल्माने तिला ओढून एका उघड्या खिडकीच्या वळचणीला घेतलं. आजोबांची टोपी पोतेऱ्यासारखी थबथबली होती, पण रेनाताने ती काढली नाही. उलट आणखी खाली ओढली.

"अगं बाई गं, माशासारखी निथळतेय पोर!" खिडकीतून आवाज आला.

कस्टमची कामं करणाऱ्या एका एजंटची ती तळमजल्यावरची कचेरी होती. खिडकीशी पन्नाशीची एक बाई उभी होती, गळ्यात चष्मा, केसांत कागदाचे कपटे. "वरचे मेले दर वर्षी आमच्याच खिडकीवर नेम धरतात. थांब, पुसायला देते." तिने रेनाताला हात पुसायचा टॉवेल दिला आणि आपल्या कामाला लागली. हातात छोटी पक्कड होती. समोर मेजावर हिरव्या तारेची डायरी. पकडीने कडी उघडून ती एकेका भोकातून कव्हर सोडवत होती, घाई न करता, जसं काही उद्याही हेच काम करायचं आहे.

कव्हरावर टेबलाखालची मुलगी होती.

झुल्माचा हात नकळत रेनाताच्या खांद्यावर गेला. रेनाताने टॉवेल खाली केला. मग म्हणाली, "ते का काढताय?"

"कव्हर? हे कसं फेकणार?" बाईंनी शेवटचं भोक सोडवलं आणि पानांचा गठ्ठा एका हाताने खिडकीबाहेर भिरकावला. पानं उधळली, तार टणकन फुटपाथवर पडली. "वर्ष गेलं खड्ड्यात. ही राहील."

"का?"

"का म्हणजे!" बाई चष्मा डोळ्यांवर चढवत हसल्या. "या कचेरीत साहेबांचा पारा चढला ना, की मी हिच्याकडे बघायची. म्हणायची, मारिसेल, ही बघ, हिने काय केलं? टेबलाखाली गेली, गाल भरले, डोळे मिटले. आपलंही टेबल आहे की एवढं मोठं!" त्यांनी मेजावर थाप मारली. "एकदा खरंच गेले होते. साहेब बाहेर जेवायला गेलेले. चांगली डुलकी लागली."

झुल्माला हसू फुटलं, आणि ते दाबायच्या आत रेनाताकडून एक आवाज आला. नाकातून निघालेला, अर्धवट, पण हसण्याचाच.

"तुम्ही तिला हसला नाहीत?" रेनाताने विचारलं.

"हिला? कशाला हसू? हिच्याएवढं शहाणं या कचेरीत कोण आहे?" मारिसेलबाईंनी कव्हर खिडकीच्या उजेडात धरलं. "मला एकच गोष्ट वर्षभर छळत राहिली. ही सापडली की नाही, ते कळायला मार्ग नाही. कुणीतरी शोधत असणार ना? मग सापडली का?"

पाणी टोपीच्या कडेवरून ठिबकत होतं. रेनाताने आईकडे पाहिलं नाही. तिने टोपी काढली, पिळली, आणि ओले केस मागे सारले.

मारिसेलबाईंनी आधी भुवई पाहिली. मग कव्हर. मग पुन्हा भुवई, यावेळी चष्मा काढून. त्या ओरडल्या नाहीत की त्यांनी कुणाला हाक मारली नाही. खिडकीच्या चौकटीला हात टेकून वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय झालं मग? सापडलीस?"

"हो," रेनाता म्हणाली. "आई होती तिथे. पण मला माहीत नव्हतं."

"आणि केक?"

"केक संपवला."

"शाब्बास!" बाईंनी मोठा सुस्कारा सोडला. उभ्याने दमलेल्याला कुणीतरी खुर्ची द्यावी तसा. "सुटले बाई एकदाची. वर्षभराचा घोर." मग कव्हराकडे बघून त्यांचा चेहरा जरा बदलला. त्यांनी ते उलटं करून, छापील बाजू आत ठेवून, रेनातापुढे धरलं. "हे तुझं आहे गं. तू माझ्या ओळखीची नव्हतीस तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तू समोर उभी आहेस. तुला नको असेल तर घेऊन जा. असू दे म्हणालीस तर असू दे."

ही बाई किती सहज विचारते आहे, असं झुल्माच्या मनात आलं. खिडकीत उभ्या उभ्या, हातात पक्कड. एवढंच तर विचारायचं होतं.

रेनाताने कव्हर हातात घेतलं. पहिल्यांदाच. सरळ केलं, बघितलं, अंगठ्याने हनुवटीवरचा सायीचा ओघळ पुसल्यासारखं केलं. रस्त्यावर कुणीतरी साइडरची बाटली फोडली आणि लोकांनी जल्लोष केला.

"कुठे लावणार?"

"लावणार कुठे, खणात ठेवणार. पेन्सिलींच्या वर. खण उघडला की दिसेल, बंद केला की नाही. साहेबांना दाखवणार नाही."

"मग असू दे," रेनाता म्हणाली आणि कव्हर परत दिलं. "पण एकच. बाकीची माझ्याकडे आहेत, ती मी कुणाला देणार नाहीये."

"देऊही नकोस," मारिसेलबाई म्हणाल्या आणि लगेच खण उघडून कव्हर आत ठेवलं. आत गेल्या वर्षीचं जांभईवालंही होतं. रेनाताने ते बघितलं, बाईंनी तिला बघताना बघितलं. "ते पण?"

रेनाताने विचार केला. "ते पण. पण पुढच्या वर्षीचं राखाडी आहे, सांगून ठेवते."

"घेतलंय मी. विचारलं तर तुझी आई म्हणाली, मोठी झाली." बाईंनी झुल्माकडे बघून डोळे मिचकावले. "म्हटलं, व्हायचीच कधीतरी."

*

नदीच्या कठड्यावर ऊन तापलेलं होतं. ओले कपडे वाळावेत म्हणून दोघी तिथे बसल्या. पिशव्यांत दोन हिरव्या तारा आणि एक निळी चिंधी. जुन्या शहराच्या बाजूने अजून अधूनमधून ओरडा ऐकू येत होता, आणि वाऱ्यावर भरकटलेली पानं पार पाण्यापर्यंत येऊन पडत होती.

"मिळालेल्या दोन तारा," रेनाता म्हणाली, "आणि मारिसेलबाई तीन. तिघांपैकी दोघांनी जपून काढलं. एकाने फाडलं."

"हं."

"ज्याने फाडलं त्याला बहुतेक कडी उघडता येत नसणार. सगळ्यांकडे पक्कड नसते." तिने बुटातलं पाणी ओतून टाकलं. "पण तिघांवरून तरी काय कळतं? तरी शून्यापेक्षा बरं."

"शून्यापेक्षा पुष्कळ बरं," झुल्मा म्हणाली.

रेनाताने केसांत अडकलेलं कॅलेंडरचं एक पान ओढून काढलं. त्यावर जून महिना होता. ते कठड्यावर पसरून वाळत घालताना ती न बघता म्हणाली, "आई, खिडकीपाशी होतो तेव्हा तुला फोटो काढावासा वाटला होता ना?"

"वाटला होता."

"मी टोपी काढली तेव्हा?"

"तेव्हा फार."

"मग?"

"कॅमेरा आणलेलाच नाही मी."

रेनाताने आईची पिशवी ओढली, तोंड उघडून आत पाहिलं, हात घालून तळापर्यंत चाचपलं. तारा बाजूला केल्या. पाव सापडला, ब्रेडचा कागद सापडला. फोन झुल्माने आपणहून खिशातून काढून दोघींच्या मध्ये पालथा ठेवला होता.

"खरंच नाही आणलास."

"खरंच नाही."

रेनाताने ब्रेडचा कागद उलगडला. मनुकांचा ब्रेड भिजून जरा लिबलिबीत झाला होता. तिने त्याचे दोन भाग केले, मोठा स्वतःला ठेवला आणि छोटा आईला दिला. मग मागे वळून बघणं नाही, तोंड पुसणं नाही, काही नाही. अख्खा तुकडा तिने एकदम तोंडात कोंबला. दोन्ही गाल टम्म फुगले. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून डोळे मिटले. भुवईतला पांढरा झुबका वाळून हळूहळू उभा राहत होता.

"बघतेयस ना?" डोळे न उघडता, ब्रेडमधून वाट काढत तिने विचारलं.

झुल्माने आपला तुकडा तसाच हातात धरला होता.

"बघतेय."

"बरं," रेनाता म्हणाली आणि चावत राहिली.